निकाल उशिरा लागणारी कामं

आमच्या मोल्डिंग शॉपच्या, म्हणजे वाळूचे साचे करायच्या विभागाच्या, भिंतीवर, आग विझवायच्या लाल बादल्यांच्या वर, एक तक्ता लावलेला आहे. डावीकडे माणसांची नावं, वरच्या ओळीत कामांची नावं आणि मधल्या प्रत्येक चौकटीत एक गोल. गोलाचे चार भाग. एक भाग काळा असेल तर गडी अजून शिकतोय. दोन काळे असतील तर कुणी शेजारी उभं असलं की करतो. तीन म्हणजे एकटा करतो. आणि चारही काळे म्हणजे दुसऱ्याला शिकवतो. याला स्किल मॅट्रिक्स म्हणतात. गाड्यांचे पार्ट ओतणाऱ्या बहुतेक फाउंड्र्यांत तो दिसेल, कारण आयएटीएफ 16949 या वाहन उद्योगातल्या दर्जाच्या मानकाचं सर्टिफिकेट टिकवायचं तर माणसाला काम येतं याचा पुरावा दाखवावा लागतो. ऑडिट तोंडावर आलं की हे गोल रातोरात भरतात, पण ते असो.

मार्च उजाडला की ही पाळी आम्हा टेबलावरच्या लोकांवर येते. आमच्या फॉर्ममध्ये गोल नसतात, एक ते पाच आकडे असतात, आणि ते आमचे आम्हीच टाकायचे असतात. तांत्रिक ज्ञान, निर्णयक्षमता, टीमवर्क, नेतृत्व. मी कागल-हातकणंगले पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत क्वालिटीला सीनिअर इंजिनिअर आहे. पुढची पायरी असिस्टंट मॅनेजरची. यंदा त्या पायरीसाठी माझं नाव गेलंय, त्यामुळे फॉर्म नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ स्क्रीनवर उघडा राहिला.

तेवढ्या वेळात आजूबाजूला बघून घेतलं. नुकती लागलेली ट्रेनी मुलगी एकेक आकडा दोनदा बदलत होती. मॅनेजर मंडळींनी चहा निवायच्या आत चार, चार, पाच, चार असं ठोकून सबमिट केलं. अनुभवानं माणूस धीट होतो हे मान्य. पण मला हा सगळा प्रकार उलटा वाटतो. पायरी जितकी वरची, तितकं स्वतःला जोखणं अवघड होत जातं. त्याचं कारण कुणाच्या स्वभावात शोधायला नको. वरच्या पायरीवरच्या कामाचा निकाल फार उशिरा लागतो, एवढंच.

खालून सुरुवात करते. आमच्या लाईनवर एक मामा आहेत. शाळा सातवीपर्यंत, मग उद्यमनगरात एका वर्कशॉपला हेल्पर, मग शिरोलीत मोल्डर, मग आमच्याकडे. सकाळी लाईन सुरू व्हायच्या आधी मामा बेल्टवरून वाळूची एक मूठ उचलतात. घट्ट आवळतात, मूठ उघडतात, गोळ्यावर बोटांचे ठसे कसे उठलेत ते बघतात. मग दोन्ही हातांनी गोळा मधोमध मोडतात. कड धारदार राहिली आणि तळहाताला काही चिकटलं नाही, की मान हलते. कड भुरभुरली तर पाणी कमी. तळहात चिकट झाला तर मिक्सरवरच्या पोराचा उद्धार. तीच वाळू लॅबमध्ये आमच्याकडे येते. ओलावा 3 ते 4 टक्क्यांच्या आसपास हवा, कॉम्पॅक्टेबिलिटी, म्हणजे वाळू दाबली की किती टक्के बसते ते, 40 च्या आसपास. लॅबचा आकडा यायला थोडा वेळ लागतो आणि बहुतेक वेळा तो मामांच्या मुठीशी जुळतो. नाहीच जुळला तर मामा आधी आमचं मशीन तपासून घ्यायला सांगतात, आणि मग कुणाचं लक्ष नाही असं बघून हळूच आणखी एक मूठ घेतात.

ही मूठ इतकी शहाणी कशी झाली? साचा झाला, बॉक्स बंद झाला, 1400 अंशांच्या आसपास तापलेला लोखंडाचा रस आत गेला, निवला, की काही तासांत नॉकआउटवर, म्हणजे साचा फोडायच्या जागी, बॉक्स फुटतो. वाळूत पाणी जास्त असेल तर वाफेनं कास्टिंगला, म्हणजे ओतीव पार्टला, ब्लो होल पडतं. कमी असेल तर साच्याची कड ढासळते आणि वाळू रसात जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी रिजेक्शन मीटिंगला ते कास्टिंग जमिनीवर मांडलेलं असतं, भोकाभोवती खडूनं गोल करून. सगळे वाकून बघतात. कालची मूठ आणि आजचं भोक यांच्यामध्ये फक्त एक रात्र. अशा रात्री वर्षानुवर्षं गेल्या की हात शिकतो. सगळ्यांचाच शिकतो असं नाही, तीच चूक इमानेइतबारे करत निवृत्त झालेलेही बघितलेत. पण शिकायची सोय तरी त्या कामात आहे.

मध्यंतरी मामांना सुपरवायझर करायचं चाललं होतं. मामा नाही म्हणाले. पगार वाढला असता, घरचे चिडले, साहेबांनी समजावलं. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "हितं बॉक्स चुकला तर सकाळी कळतंय की मॅडम. सुपरवायझर म्हणून माझं काय चुकलं ते कवा कळायचं? पोरगं काम सोडून गेल्यावर?"

मामांचा निर्णय बरोबर होता असं मी म्हणणार नाही. त्यांच्याऐवजी जो सुपरवायझर झाला त्याच्या हाताखाली त्यांना राहावं लागतं, आणि त्यावरची त्यांची कुरकुर आम्हाला रोजच्या रोज ऐकू येते. पण प्रश्न मात्र त्यांनी नेमका पकडला होता.

आता माझ्या टेबलाचं बघा. कास्टिंगच्या पाठीवर दिसणारं भोक हा बाळबोध प्रकार. खरी डोकेदुखी कातडीखालच्या भोकाची. कास्टिंग शॉट ब्लास्टिंगमधून चकचकीत होऊन निघतं, फेटलिंग होतं, म्हणजे कडेचं जादा लोखंड घासून काढतात, आमच्याकडून पास होतं, ट्रकमध्ये बसून गिऱ्हाइकाकडे जातं. तिथं मशीनवर दोनेक मिलिमीटरचा कट बसतो आणि आत मोहरीएवढी भोकं दिसतात. तोवर मध्ये कित्येक आठवडे गेलेले असतात. त्या दिवशीची वाळू परत परत फिरून पार वेगळी झालेली, ओतणारा दुसऱ्या पाळीत गेलेला. मी रजिस्टरं उघडून त्या दिवसाची गोष्ट जुळवत बसते. वेंट (गॅस निघायच्या वाटा) वाढवा, कोअर (कास्टिंगमधली पोकळी राखणारा वाळूचा ठोकळा) पुन्हा भाजून घ्या, रस थोडा गरम ओता, असे उपाय लिहिते. त्यांचा परिणाम कळायला आणखी काही आठवडे.

आणि परिणाम कळतो म्हणजे तरी काय? कोल्हापूरचा पावसाळा काय असतो ते सांगायला नको. जूनपासून हवेतली ओल कोअरमध्ये शिरते, आणि ओला कोअर रसात गेला की गॅस होतो. ऑक्टोबरात हवा कोरडी पडते आणि कोअरचं रिजेक्शन आपसूक खाली येतं. मग सप्टेंबरात ज्यानं ज्यानं काही सुधारणा केलेली असते, तो प्रत्येक जण मार्चमध्ये ती आपल्या फॉर्ममध्ये लिहितो. खोटं कुणी लिहीत नाही. आलेख खाली आलेला असतोच.

त्याच्या वरच्या पायरीवर तर आनंदच आहे. पॅटर्न, म्हणजे साचा ज्यावरून उठवतात तो नमुना, कुठल्या व्हेंडरकडून करून घ्यायचं, कुठलं गिऱ्हाईक सोडायचं, नवी लाईन घ्यायची की जुनीच दुरुस्त करत राहायचं, कुठल्या पोराला पुढं काढायचं. यातलं बरंच काही दोन-तीन वर्षांनी उमटतं. तोवर निर्णय घेणारे साहेब बढती मिळून पुण्याला तरी गेलेले असतात, नाहीतर शेजारच्या कंपनीत तरी. निकाल लागतो तेव्हा खुर्चीत दुसराच बसलेला असतो, आणि तो आधीच्या साहेबांना नावं ठेवतो. नेतृत्व, पाचपैकी पाच.

स्वतःच्या क्षमतेचा अंदाज या विषयावर एका अभ्यासाचा दाखला हमखास दिला जातो. जस्टिन क्रुगर आणि डेव्हिड डनिंग या कॉर्नेल विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी तो 1999 मध्ये प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांची तर्कशास्त्राची, इंग्रजी व्याकरणाची, अगदी विनोदाच्या जाणिवेचीही चाचणी घेतली आणि विचारलं, तुमचा नंबर कितवा असेल? तळातल्या पाव भागातली मुलं सरासरीनं शंभरात खालून 12व्या जागी होती. त्यांच्या मते ती 62व्या जागी होती. तेव्हापासून अर्ध्या हळकुंडानं पिवळ्या झालेल्या माणसाला नाव ठेवायला शास्त्राचा आधार मिळाला. पुढं बऱ्याच अभ्यासकांनी आक्षेप घेतले, की यातला काही भाग निव्वळ आकडेवारीचा खेळ आहे. जो तळाला आहे त्याचा अंदाज चुकला तर तो वरच्याच बाजूला चुकणार, खाली जागाच नाही. आक्षेप पटण्यासारखा आहे.

मला त्या अभ्यासातला वेगळाच भाग जास्त कामाचा वाटतो, ज्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. वरच्या पाव भागातल्या मुलांना इतरांचे पेपर दाखवले, तेव्हा त्यांनी स्वतःबद्दलचा अंदाज सुधारला. तळातल्यांना तेच पेपर दाखवून काही फरक पडला नाही. पण तळातल्या मुलांना तर्कशास्त्राचं थोडंसं शिक्षण दिलं, तेव्हा आपलं नेमकं कुठं चुकलं हे त्यांना दिसायला लागलं. म्हणजे चूक ओळखायची नजरही त्याच कामातून येते. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवायची, त्या सगळ्या चाचण्यांना उत्तरपत्रिका होती. कुणीतरी दुसऱ्या मिनिटाला सांगू शकत होतं, बरोबर की चूक. आमच्या फॉर्ममधल्या निर्णयक्षमतेची उत्तरपत्रिका कुठाय?

कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला निकाल म्हटल्यावर तालीम आठवणारच. कुस्तीच्या मैदानात आधी रेवड्यांवरच्या पोरांच्या कुस्त्या होतात, मग इनाम वाढत वाढत शेवटी एक नंबरची कुस्ती. कुणाची जोड कुणाशी लावायची हे ठरवताना पैलवानाला "तू स्वतःला किती मार्क देतोस?" असं कुणी विचारत नाही. वस्ताद बोलतात, हात बघतात, गेल्या जत्रेत काय झालं ते आठवतात आणि जोड ठरते. अंदाज चुकला तर काही मिनिटांत पाठ मातीला लागते आणि अख्ख्या मैदानाला कळतं. शाहू महाराजांनी 1912 मध्ये बांधलेल्या खासबाग मैदानात बसलेल्या शेवटच्या रांगेतल्या माणसालाही.

खाशाबा जाधवांची गोष्ट आमच्याकडे शाळेपासून सांगतात. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. मातीतला पैलवान मॅटवर आणि परक्या नियमांत उतरला होता, आपण जगात कुठं उभे आहोत ते त्यांना तिथं एका झटक्यात कळलं. चार वर्षांनी, 1952 मध्ये, हेलसिंकीत त्यांनी ब्राँझ पदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या गोष्टीतला माझा आवडता माणूस मात्र राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर आहेत. त्यांनी खाशाबांना हेलसिंकीला पाठवण्यासाठी स्वतःचं घर गहाण टाकून 7000 रुपये उभे केले. दुसऱ्याची पातळी जोखायची तर ही अशी. निकाल लांब होता, खात्री कुणालाच देता आली नसती, पण प्राचार्यांचं मत फुकटचं नव्हतं. माझ्या फॉर्मवर सही करणाऱ्यांचं काय गहाण पडतं? त्यांचं सोडा, स्वतःला चार देताना माझं तरी काय पडतं?

सरकारी पायऱ्यांबद्दल थोडक्यात, कारण त्यांना उगाच हिणवायची फॅशन आहे. किमान वेतनाच्या कागदावर माणूस अकुशल, अर्धकुशल किंवा कुशल असतो. 1961 च्या कायद्याखाली आयटीआयची पोरं कारखान्यात शिकाऊ म्हणून येतात. 2013 मध्ये केंद्रानं सगळ्या कौशल्यांची मिळून 10 पातळ्यांची एक उतरंड ठरवली, नंतर ती 8 पातळ्यांवर आणली. शाळा न झालेल्या कारागिराची परीक्षा घेऊन त्याला आधीच येत असलेल्या कामाचं प्रमाणपत्र द्यायची सोयही त्यात आहे. मामांसारख्या माणसाला उद्या दुसऱ्या गेटवर उभं राहायचं झालं तर तिथं मुठीपेक्षा असा कागद लवकर दाखवता येतो. या उतरंडीत मला एक गोष्ट प्रामाणिक वाटते. खालच्या पातळ्यांवर ती हातातल्या कामाबद्दल बोलते, वर जाताना जबाबदारीबद्दल, आधी स्वतःच्या आणि मग दुसऱ्यांच्या कामाच्या. फक्त ती जबाबदारी नीट पार पडली की नाही हे कधी बघायचं, याबद्दल ती गप्प आहे.

यावर मी एक जुगाड केलाय. टेबलाच्या खणात एक वही आहे. सदोष कास्टिंग कापायला पाठवायच्या आधी कारण काय असेल ते मी तीत लिहिते आणि किती खात्री आहे तेही. कास्टिंग कापून आलं की त्याच ओळीत पुढं खरं कारण. उपाय सुचवला तर कुठल्या महिन्यापर्यंत किती फरक दिसायला हवा हे आधीच लिहून ठेवायचं, म्हणजे ऑक्टोबरच्या हवेचं श्रेय आपल्या खात्यावर घेता येत नाही. निकाल लवकर लावणं आपल्या हातात नसतं, पण निकाल लागेपर्यंत आपण काय म्हणालो होतो ते माणूस सोयीनं विसरतो. वही विसरत नाही.

वहीतून जे निघालं ते एका आकड्यात बसणारं नव्हतं. वाळू आणि कोअर यांच्याबाबतचे माझे अंदाज बहुतेक टिकतात. रसाबाबतचे डळमळतात. श्रिंकेज (निवताना आकसून पडणारी पोकळी), एसजी आयर्न या लोखंडाच्या प्रकारात ग्रॅफाइट नीट गोल न होणं, अशा ठिकाणी माझी खात्री आणि माझं उत्तर यांचं फारसं पटत नाही. "तांत्रिक ज्ञान" हा फॉर्मवर एक रकाना आहे. माझ्यात ते दोन-तीन वेगवेगळ्या उंचीचे ओटे आहेत.

म्हणून हल्ली सकाळी मी भट्टीवर जाते. तिथला पोरगा आयटीआय केलेला, माझ्यापेक्षा बराच लहान. भट्टीतला रस तो पाचरीच्या छोट्या साच्यात ओततो, निवत आलेली पाचर पाण्यात बुडवतो आणि हातोड्यानं मोडतो. तुटलेल्या तोंडावर टोकाशी पांढरी चकाकी असते आणि वर करडा रंग. पांढरा पट्टा किती रुंद आहे, त्यावरून रसात कार्बन-सिलिकॉनचा मेळ कसा बसलाय ते कळतं. स्पेक्ट्रोचा, म्हणजे रसातले घटक मोजणाऱ्या यंत्राचा, आकडा नंतर येतोच. पण तो पोरगा मला तुकडा दाखवत नाही, पाचर हातोड्याखाली धरून थांबतो. "ताई, आदी सांगा, मग तोडतो." मी पट्टा किती येईल ते सांगते. घाव बसतो. काही सेकंदांत निकाल. अंदाज साफ हुकला तर तो हसतो, आणि जवळ आला तर काहीच बोलत नाही, पुढच्या कामाला लागतो. मामांच्या मुठीला जे मिळालं ते मला अशा घावांतून थोडं थोडं मिळतंय. कुठल्याही ट्रेनिंग प्रोग्रॅममध्ये हे मिळालं नव्हतं, आणि ट्रेनिंग प्रोग्रॅम मी भरपूर केलेत, सर्टिफिकेटांची फाइल जाडजूड आहे.

राहिलं नेतृत्व. माझ्या हाताखाली दोन ज्युनिअर आहेत, त्यात ती आकडे बदलणारी मुलगी. तिला मी काय शिकवलं ते कशावरून ठरवायचं? एक खूण मी धरली होती, तिसऱ्या पाळीतून रात्री मला येणारे फोन. "मॅडम, लॉट थांबवू का सोडू?" हा फोन कमी झाला की ती तयार झाली, असं मनाशी ठरवलं होतं. फोन कमी झालेसुद्धा. पण फोन दोन कारणांनी कमी होतात. एक तर ती शिकली, नाहीतर मला उठवायला घाबरायला लागली. फोन न वाजण्यावरून यातलं कुठलं ते कळत नाही. त्यामुळे आता सकाळी गेल्या गेल्या मी होल्डच्या, म्हणजे थांबवलेला माल ठेवायच्या, जागेत जाऊन बघते, रात्री तिनं किती लॉटना पिवळा टॅग लावलाय आणि टॅगवर कारण काय लिहिलंय. कारण नीट लिहिलेलं असेल तर ती विचार करून थांबलीय. "मॅडमना विचारून" असं लिहिलं असेल तर अजून वेळ आहे. हल्ली दोन्ही प्रकारचे टॅग सापडतात.

शेवटी फॉर्ममध्ये नेतृत्वासमोर मी तीन लिहिले. हातचे राखून नव्हे. बायका स्वतःला कमी आकडा देतात असं एक मॅनेजर मला कौतुकाच्या सुरात म्हणाले, आणि त्यांना वाटलं त्यांनी माझी बाजू घेतली. तीन लिहिले कारण माझ्याकडे पुरावा तीनचाच आहे. वाळूच्या बाबतीत मी बिनधास्त चार लिहिले असते, पण वाळूचा वेगळा रकाना नाही.

एचआरच्या पोराला मी सुचवलं की आकड्याशेजारी आणखी एक रकाना टाका, "निकाल कधी कळेल". मोल्डरपुढं "उद्या सकाळी" येईल, माझ्यापुढं "चार महिने", डायरेक्टरसाहेबांपुढं काय येईल ते त्यांनी ठरवावं. तो पोरगा चांगला आहे, ऐकून घेतलं. म्हणाला, "मॅडम, सिस्टीममध्ये तशी सोय न्हाई. रिमार्क्समध्ये लिवा की, पण 200 अक्षरांत बसवा."

बसवलं. "नेतृत्व 3. खात्री नाही. पुढच्या ऑक्टोबरनंतर पुन्हा पाहावे, पावसाळ्यातले आकडे वगळून." संध्याकाळी साहेबांचा फोन आला, बाकी सगळं ठीक आहे, पण हे पावसाळ्याचं काय लिहिलंय?